सह्याद्रीत शिरण्यापूर्वी

कळसूबाईची उंची 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. पण उत्तरेत मसुरीचा बाजारसुद्धा याहून वर भरतो. हिमालय हिंडून आलेले पाहुणे सह्याद्रीला ‘टेकड्या’ म्हणतात ते त्यामुळेच, आणि निव्वळ मीटरांत बोलायचे तर त्यांच्याशी वाद घालता येत नाही. घालूही नये. सह्याद्री हा उंचीवरून ओळखण्याचा डोंगरच नव्हे. तो पाण्यावरून ओळखावा लागतो. पाणी कुठे पडते, कुठे मुरते, कुठे फुटते आणि कोणत्या महिन्यात आटते, हे पाहण्याची सवय एकदा लागली की शिखरे, गड, घाटवाटा, वाड्यावस्त्यांच्या जागा आणि आपल्या भटकंतीचे हंगाम, सगळ्यांची एकमेकांशी सोयरीक दिसू लागते. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांना त्या दिशेने चार पावले सोबत करावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

सुरुवात दगडापासून करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा वाहिला. अशा कित्येक प्रवाहांचे थर एकावर एक बसून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. भाकऱ्यांच्या चळतीत जशी एखादी कडक, एखादी मऊ, तसेच हे थर. घट्ट बसाल्ट झिजायला फार काळ घेतो. त्याचे उभे कडे होतात. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर लवकर झिजतो. त्याची पठारे आणि पदर, म्हणजे कड्याखालचे सपाट टप्पे, होतात. म्हणून सह्याद्री दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून उतरत जाते, खाली पाणी न सोडणारा थर आला की अडते आणि आडवे सरकत कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पदरातल्या वस्त्या पुष्कळदा अशा झऱ्यांच्या आसपास वसलेल्या आढळतात. नकाशावर अशी एखादी वस्ती शोधून पाहा. वर कडा, खाली उतार आणि मध्ये चार घरे असे चित्र दिसले, तर पाणी जवळपासच असण्याचा संभव मोठा.

आता पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला अडतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून वाईत यावे तर तोच आकडा हजाराच्या आत. तास-दीड तासाच्या मोटारप्रवासात एवढा पालट होतो. वाचकांनी हा प्रवास एकदा जुलैत खिडकीपाशी बसून करावा. झाडांची उंची, भिंतींवरचे शेवाळ, घरांच्या छपरांचा उतार, शेतातले पीक सगळेच हळूहळू बदलत जाताना दिसेल. या माथ्यावर पडलेल्या थेंबाचे पुढे काय होते, हेही गमतीचे आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर; पण ती त्याच्याकडे पाठ करून 1465 किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री या नद्यांची नावे शेजारी शेजारी घेतली जातात. त्यांतली पहिली पूर्वेला आंध्रापर्यंत जाते, दुसरी पश्चिमेला बाणकोटच्या खाडीत उतरते.

इतका पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये याच डोंगरातल्या बायका हंडा घेऊन मैलभर चालतात. शहापूर तालुक्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे: मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे त्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही तिथलेच. यात व्यवस्थेचा दोष आहेच, पण निम्मे कारण कातळात आहे. हा दगड पाणी फार साठवत नाही. उतार तीव्र, माती पातळ, आणि वर्षाचा पाऊस चार महिन्यांत उरकतो. पडलेले पाणी थांबवले नाही तर ते दिवाळीपर्यंत समुद्र गाठते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना पुरती उमगली होती, आणि माझ्या मते सह्याद्रीतले सर्वांत अभिमानास्पद बांधकाम तट किंवा बुरूज नसून खडकात खोदलेले टाके आहे. कान्हेरीला लेण्यालेण्याशी टाकी आहेत. ती खोदवून देणाऱ्यांची नावे शिलालेखांत आहेत. नाणेघाटात, जिथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, तिथेही चढून येणाऱ्या तांड्यांसाठी टाकी कोरलेली आहेत. पुढे गडांवर या विद्येचा विस्तार झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, असे बजावले आहे. त्यातला पुढचा विचार अधिक सूक्ष्म आहे: गडावर झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात, म्हणून राखीव टाकी, तळी वेगळी बांधून ठेवावीत. ही नुसती हौस नव्हे, कातळाच्या भेगांची जाण आहे. तुम्ही एखाद्या गडावर गेलात, तर टाके केवळ ‘पाहण्याचे ठिकाण’ म्हणून ओलांडू नका. ते उताराच्या कोणत्या बाजूला आहे, पाणी आत यायला पन्हळ कुठे कोरली आहे, ऊन लागू नये म्हणून ते खडकाच्या पोटात खांब सोडून खोदले आहे का, शेजारच्या टाक्यात गाळ बसून पुढे निवळ पाणी जावे अशी जोड आहे का, हे निरखा. कुलंगच्या माथ्यावरची टाक्यांची रांग, राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे, हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती साठलेले थंडगार पाणी, प्रत्येक जागेची युक्ती निराळी आहे.

विसाव्या शतकात माणसाने या डोंगराच्या पाण्याची दिशाच फिरवली. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी कड्यावरून खाली सोडून खोपोलीत 1915 साली वीज निर्माण होऊ लागली. मुळशीचे धरण सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे मराठी मनात कायमचे कोरले गेले आहे. त्या धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे उतरते. कोयनेचे पाणीही असेच पोफळीत उतरून वाशिष्ठीला मिळते. आता एक गंमत पाहा. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते, आणि ते पावसाळा संपल्यावरही. तिथे नदी खळाळते ती भिऱ्याच्या प्रकल्पातून पाणी सुटते म्हणून. मुळशीच्या खोऱ्यात पडलेले, मुळा-भीमेतून पूर्वेला जायचे ते पाणी, बोगद्यांतून आणि टर्बाइनमधून पश्चिमेला वळते आणि सकाळी एखाद्या शहरी कुटुंबाची रबरी नाव उचलून धरते. त्या नावेतल्या किती जणांना खोऱ्यात बुडालेली गावे ठाऊक असतील, कोण जाणे. करमणुकीचा आनंद त्यामुळे कमी व्हावा असे नाही. पण ठाऊक असेल तर तो अधिक भरीव होतो, असा माझा अनुभव आहे.

भटकंतीचे वेळापत्रकही पाणीच ठरवते. ऑक्टोबर-नोव्हेंबर नवख्यांसाठी सर्वांत उदार महिने: टाकी भरलेली, आकाश स्वच्छ, कासच्या पठारावर फुलांचा शेवटचा बहर, आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी नेमकी त्या वर्षी असेल तर भाग्यच. हिवाळा सुळक्यांवर दोर लावणाऱ्यांचा. साम्रदजवळची सांधण घळ ही कोरड्या दिवसांतच उतरायची जागा. उन्हाळ्यात घसाऱ्यावर पाय ठरत नाही आणि पाण्याचे ओझे पाठीवर वाहावे लागते. पावसाळा मात्र सर्वांना सर्वांत आवडतो आणि त्याच्याशीच सर्वांत जपून वागावे लागते. घळीत उभे असताना डोक्यावर ऊन असेल, पण वरच्या पठारावर ढग फुटला तर काही मिनिटांत लोंढा येतो. धबधब्याखालच्या डोहात उतरण्याचा मोह वाचकांनी सरळ सोडून द्यावा. डोंगरच पाणी पिऊन जड होतो आणि सरकतो, हे 2014 मध्ये माळीण गावाने आणि 2023 मध्ये इरशाळवाडीने फार मोठी किंमत देऊन दाखवले आहे.

या विषयाची तयारी कशी करावी? पुस्तके भरपूर आहेत आणि ती आपल्या भाषेत आहेत, हे आपले सुदैव. गो. नी. दांडेकरांचे ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून घर सोडावेसे वाटते. आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ हाती धरून वाट शोधता येते. दोन्ही गरजा वेगळ्या, दोन्ही खऱ्या. पण सगळ्या पुस्तकांच्या आधी एक नदी निवडावी, असे मी सुचवीन. सारा सह्याद्री एकदम कवेत घेऊ नका. प्रवरा घ्या: रतनगडापाशी तिचा उगम, खाली 1926 मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, एका अंगाला कळसूबाई, दुसऱ्या अंगाला हरिश्चंद्रगडाकडे जाणारी डोंगररांग. एवढ्याच मुलखात शिखर, टाके, धरण, घळ, देवराई आणि अभयारण्य असे सारे भेटते. दोन-तीन वर्षे वेगवेगळ्या ऋतूंत त्याच त्याच वाटांनी फिरलात, तर इतर खोरी वाचायला फार वेळ लागणार नाही.

आणि वाटाड्या घ्या. महादेव कोळी, ठाकर, धनगर, कातकरी यांच्या पिढ्या या पाण्यावर जगल्या आहेत. कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे, कोणत्यात हल्ली गुरे उतरतात, कोणता झरा होळीनंतर आटतो, हे त्यांना विचारल्यावाचून कळत नाही आणि विचारल्यावर ते हातचे राखून सांगत नाहीत. त्यांच्या घरी जेवलात तर त्याचे पैसे आग्रहाने द्या. टाक्यातले पाणी भांड्याने काढून घ्या. त्यात हातपाय धुऊ नका, साबण तर वरच आणू नका.

2025 साली मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड हे सह्याद्रीचे गड आहेत. त्यांच्याकडे आता पुष्कळांचे लक्ष राहील. यादीबाहेरच्या शेकडो डोंगरांवरची टाकी मात्र बुजत चालली आहेत, आणि त्यांची नोंद तुमच्यासारख्या हौशी भटक्यांनीच ठेवायची आहे. पुढच्या वेळी डोंगरावर जाल तेव्हा सोबत एक वही न्या. टाक्याची जागा, अंदाजे लांबी-रुंदी, पाणी किती खोल, पिण्याजोगे आहे की नाही, एवढे लिहा. आणि महिना लिहायला विसरू नका. सह्याद्रीत महिना नसलेली पाण्याची नोंद कोणाच्याही उपयोगी पडत नाही.