पावात काय आहे?

पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. आमच्या मोमीनपुऱ्यापासून फार लांब नाही. लहानपणी तिथल्या चर्चचा उंच मनोरा आम्ही रोज पाहायचो. त्या आवारातल्या एका चहापानाने सगळं पुणं ढवळून निघालं होतं, हे मात्र पुष्कळ नंतर, बी.ए.ला असताना वाचनात आलं.

१४ ऑक्टोबर १८९० चा दिवस. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी मिशनमधल्या कार्यक्रमाला गेली होती. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं फोडली. ‘पुणे वैभव’ने ती छापली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. त्या बिस्किटांत काय होतं, याला महत्त्व नव्हतं. ती कुणाच्या हातची होती, हा गुन्हा होता.

पावाचंही तेच झालं. ‘पायांनी तुडवतात म्हणून पाव’ असं आपल्याकडे अजून सांगतात. खरं तर हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गोव्यातले पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. वसईकडे तर विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या कथा सांगितल्या जातात. त्यामुळे ‘यात काय आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे कधी साधा राहिलाच नाही. त्यामागे ‘तुम्ही कोण?’ हा दुसरा प्रश्न उभा असायचा. ईदच्या दिवशी आमच्या शिरखुर्म्याच्या वाटीकडे बघत कुणी तो विचारला, की मला टोचायचं. अर्थात आम्हीही विचारत आलोच : बिस्किटात चरबी कुठली, जिलेटिन कशाचं?

गेल्या वर्षी माझ्या पाच वर्षांच्या नातीने हा प्रश्न मला नव्याने शिकवला. तिला अंडं चालत नाही. धर्माने चालतं, देहाला चालत नाही. एका बेकरीतून मी साधे बनपाव आणले. वर छान तकाकी होती. अर्ध्या पावातच तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. भट्टीत घालण्याआधी पावावर अंड्याचा हात फिरवतात, त्याची ती तकाकी होती. मी विचारलं नव्हतं. विचारणं मला अपमानाचं वाटत आलं होतं ना!

कायद्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. शाकाहार-मांसाहाराची हिरवी आणि तपकिरी खूण पाकिटांवर २००१ साली आली. श्रद्धेच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. पण दूध, सोयाबीन, शेंगदाणे यांबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन अशा ॲलर्जीकारक घटकांची नोंद पाकिटावर हवी, हे २०२० च्या नियमांनी ठरवलं. देहाच्या प्रश्नाला जवळजवळ वीस वर्षं थांबावं लागलं. आणि ही नोंद पाकिटावर असते. ट्रेमधून उचलून कागदात गुंडाळून दिलेल्या बनपावाला पाकीट कुठलं?

मग मी पुन्हा त्या बेकरीत गेलो. भट्टीवरचा तरुण दुखावला. म्हणाला, “चाचा, आमच्या मालावर शक?” मी म्हटलं, “शक नाही बेटा, पोरीच्या जिवाचा सवाल आहे.” तो गप्प झाला. मग एकेका ट्रेकडे बोट दाखवून सांगत गेला : याला अंडं, यात दुधाची भुकटी, त्या खारीत दोन्ही नाही; पण तीसुद्धा याच ओट्यावर लाटतो, याच पत्र्यावर भाजतो, तेव्हा बाळाला नकोच. ते शेवटचं वाक्य त्याने आपणहून सांगितलं. कुठल्या पाकिटावरही मी इतकं वाचलं नव्हतं.

ज्या शहरात चहा-बिस्किटांपायी माणसं वाळीत पडत होती, त्याच शहरातले आपण. आता दुकानात बेधडक विचारू या, ‘यात काय आहे?’ आणि आपल्याला कुणी विचारलं, तर राग न धरता सगळं सांगू या. विचारणाऱ्याच्या घरी एखादं लहान मूल असेल.