पात्यातले चुंबकत्व आणि ते पुसण्याचा इतिहास

चुंबकीय पट्टीवर टांगलेली सुरी कालांतराने स्वतःच चुंबक बनते. मग धार लावताना निघणारा पोलादाचा कीस पात्यालाच चिकटतो आणि धार खरबरीत होते. हे चुंबकत्व काढावे कसे, या प्रश्नाचे पहिले उत्तर जुने आहे, पण सुरीसाठी घातक आहे.

१६०० साली विल्यम गिल्बर्ट यांनी ‘दे मॅग्नेते’ या ग्रंथात नोंदवले की लोहचुंबक लालबुंद तापवला की त्याचे चुंबकत्व नष्ट होते. १८९५ साली पिएर क्यूरी यांनी या संक्रमणाचा पद्धतशीर अभ्यास केला. लोखंडासाठी ही मर्यादा सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे. परंतु पाणी दिलेले पाते इतके तापवले, तर त्याचा कठीणपणा जातो. चुंबकत्वाबरोबर सुरीही संपते.

अडचणीचे मूळ त्या कठीणपणातच आहे. १९०७ साली पिएर वाइस यांनी मांडले की लोखंडात सूक्ष्म चुंबकीय प्रदेश असतात. मऊ लोखंडात त्यांच्या सीमा सहज सरकतात. कठीण पोलादात त्या अडकून पडतात. म्हणून चांगले पाते एकदा मिळालेले चुंबकत्व सहजासहजी सोडत नाही.

दुसरा मार्ग जेम्स युइंग यांच्या संशोधनातून स्पष्ट झाला. १८८०च्या दशकारंभी टोकियोत अध्यापन करताना त्यांनी चुंबकत्वाच्या या मागे रेंगाळण्याला ‘हिस्टेरेसिस’ हे नाव दिले. क्षेत्राची दिशा वारंवार उलटवत त्याची तीव्रता क्रमाने घटवली, तर हे वलय आकसत शून्याजवळ येते.

नोव्हेंबर १९३९ मध्ये थेम्सच्या मुखाशी, शूबरीनेसच्या चिखलात जर्मन चुंबकीय सुरुंग सापडला. जॉन ऑव्हरी यांनी तो जिवावर उदार होऊन उकलला. त्यानंतर जहाजांचे क्षेत्र विद्युत वेटोळ्यांनी निष्प्रभ केले जाऊ लागले. चार्ल्स गुडीव्ह यांनी या प्रक्रियेला गाउस यांच्या नावावरून ‘डीगाउसिंग’ म्हटले.

भारतात अलिबागच्या वेधशाळेने उलट वाट धरली. १९०४ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते, आणि तेथील वास्तूत लोखंडच टाळलेले आहे.

सुरीसाठी मात्र युइंग यांची वाट पुरेशी आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्यातून पाते सावकाश बाहेर काढावे, हातभर दूर न्यावे आणि मगच प्रवाह बंद करावा. पाते आत असतानाच तो तोडला, तर त्या क्षणीचे चुंबकत्व पात्यात पुन्हा कोरले जाऊ शकते.