अर्धी लाट कापणारा दिवा



एखादी वस्तु अर्धी टाकून द्यावी आणि त्यामुळेंच ती उपयोगाची व्हावी, असें व्यवहारांत क्वचितच घडतें. विजेच्या लहरींच्या बाबतींत मात्र तें घडलें आहे. बिनतारी संदेशाची लहर एका सेकंदांत लक्षावधि वेळां उलटसुलट धांवते. तिचा एक अर्ध मापकाच्या कांट्यास जितका उजवीकडे ओढतो, तितकाच दुसरा डावीकडे. परिणामीं कांटा जागचा हालत नाहीं. एक अर्ध कापून टाकलें, कीं उरलेले धक्के एकाच दिशेनें सांठत जातात व कांटा हालतो. ही कापणी करणारें साधन म्हणजे डायोड.

मौज अशी, कीं हा गुण उपयोगापूर्वीं कितीतरी वर्षें दृष्टीस पडला होता. १८७४ सालीं जर्मनींतील फर्डिनांड ब्राउन यांना कांहीं खनिज स्फटिकांतून वीज एका दिशेनें सुलभपणें, तर उलट दिशेनें कष्टानें वाहतांना आढळली. पुढें एडिसन यांनीं दिव्याच्या आंत, तापलेल्या तंतूजवळ, धातूची पट्टी बसविली. ती धन टोंकास जोडली तरच प्रवाह वाहे. १८८४ सालीं त्यांना या युक्तीचें पेटंट मिळालें, परंतु तें विजेचा दाब दाखविण्यापुरतें. लहरी पकडण्याचा प्रश्नच तेव्हां कोणापुढें नव्हता.

बिनतारी संदेश निघाल्यावर तो प्रश्न उभा राहिला. कलकत्त्याचे जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलिना या शिशाच्या खनिजाचा लहरग्राहक सिद्ध केला. ज्ञानावर मालकी सांगणें त्यांना रुचत नसे. तरीही स्नेह्यांच्या आग्रहावरून १९०१ सालीं अर्ज झाला व २९ मार्च १९०४ रोजीं अमेरिकेंत पेटंट मिळालें.

त्याच वर्षीं लंडनांत प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग हे मार्कोनी यांच्या कंपनीसाठीं नव्या ग्राहकाच्या शोधांत होते. त्यांना ऐकूं कमी येई. संदेश डोळ्यांनीं पाहतां आला तर त्यांना हवाच होता. ऑक्टोबरांत त्यांना आपल्या कपाटांतले जुने प्रयोगाचे दिवे आठवले. त्यांतून लहर जातांच गॅल्व्हानोमीटर हालला. १६ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं पेटंटासाठीं अर्ज केला. पाणी एकाच बाजूनें जाऊं देणाऱ्या झडपेवरून त्या दिव्यास ‘व्हॉल्व्ह’ हें नांव मिळालें.

दिवा तोच होता, पट्टीही तीच. मध्यें वीस वर्षें लोटलीं होतीं. प्रयोगशाळेंतील निरुपयोगी वाटणारी नोंदही कां जपून ठेवावी, याचें उत्तर फ्लेमिंग यांच्या त्या कपाटांत आहे.