शाळेची गाडी, शर्यतीची गाडी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "रविवारी ट्रॅकवर चार फेऱ्या मारायच्या आणि सोमवारी मुलांना शाळेत सोडायचं, अशी एकच गाडी घ्यायची तर कुठली घ्यावी?" प्रश्न खरेदीचा आहे, पण उत्तराचा बराचसा भाग इतिहासात सापडतो, असं आम्हाला वाटतं. म्हणून आज मॉडेलचं नाव सांगण्याऐवजी अशी गाडी मुळात जन्माला कशी आली, ते पाहू.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १९५६मध्ये सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. लहान, कमी पेट्रोल पिणारी, तरी चार माणसं नीट बसतील अशी गाडी हवी होती. ॲलेक इसिगोनिस यांनी ती तयार केली आणि १९५९मध्ये मिनी बाजारात आली. लांबी जेमतेम दहा फूट. इंजिन आडवं बसवून वाचवलेली जागा त्यांनी माणसांना आणि सामानाला दिली. ताकद फक्त ३४ अश्वशक्ती. निव्वळ घरची गाडी! इसिगोनिस यांच्या मनात शर्यत नव्हतीच.

ती होती जॉन कूपर यांच्या मनात. १९५९ आणि १९६०, लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनमधलं उत्पादकांचं विजेतेपद त्यांच्या गाड्यांनी मिळवलं होतं. मिनी हलकी आणि बुटकी, चाकं अगदी चार कोपऱ्यांत, त्यामुळे वळणावर ती रस्ता सोडत नाही, हे त्यांनी हेरलं. १९६१मध्ये मिनी कूपर आली, ५५ अश्वशक्तीची. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ताकद वाढवताना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले गेले. त्या डिस्क लहान होत्या, म्हणून १९६३च्या कूपर एसमध्ये त्या मोठ्या केल्या. आणि १९६४मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी कूपर एस घेऊन मॉन्टे कार्लो रॅली जिंकली.

आता कारखान्यांना हा उद्योग हवा कशाला? कारण होतं नियमाचं. याला होमोलोगेशन म्हणतात. ठरावीक वर्गात शर्यत खेळायची तर तशाच गाड्या ठरावीक संख्येने बनवायच्या. मिनी कूपरसाठी हा आकडा १००० होता. थोडक्यात, शर्यतीत उतरायचं तर आधी हजार गिऱ्हाइकं शोधायची! आणि गिऱ्हाईक संसारी असतं. त्याला मागची सीट हवी, डिकी हवी, थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला हवी. शर्यतीच्या नियमानेच गाडीतला संसार राखला, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

पुढचा टप्पा जर्मनीचा. फोक्सवॅगनमधल्या मोजक्या अभियंत्यांनी नव्या गोल्फची वेगवान आवृत्ती करायला घेतली, तीही सुरुवातीला गुपचूप. १९७५च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, १९७६मध्ये विक्रीला. गोल्फ जीटीआय. १५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, वजन ८०० किलोंच्या थोडंसं वर. ठरलं होतं ५००० गाड्या बनवायचं. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. लोकांनी शर्यत विकत घेतली नव्हती, रोजची गाडी घेतली होती. ती वळणावर मजा देत होती, एवढंच.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूची १९८६ची एम३. तिथे शर्यतीची गाडी आधी डोळ्यापुढे होती आणि नियमापुरत्या ५००० रस्त्यावर आणायच्या होत्या. चार माणसं बसायची, डिकी होती, पण दरवाजे दोनच. लहान मूल मागे बसवताना कंबरेचं काय होतं, ते आईबापांना विचारा!

आणि या गाड्या घेऊन लोक जाणार कुठे? जर्मनीत नुर्बुर्गरिंगचा ट्रॅक १९२७मध्ये सुरू झाला, तेव्हापासून सामान्य माणूस पैसे भरून तिथे आपली गाडी पळवू शकत होता. त्या ट्रॅकचा उत्तरेकडचा जवळपास २१ किलोमीटरचा भाग आजही तसा खुला होतो. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइम्बतूरला करी स्पीडवे आहे. दोन्ही पुण्यापासून हजार किलोमीटरहून लांब. म्हणजे जायचं त्याच गाडीने, आणि यायचंही त्याच गाडीने.

इथे ब्रेकचा मुद्दा पुन्हा येतो. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १८० वरून ६० वर येताना ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते, ती शहरात ६० वरून थांबण्याच्या आठपट असते. आणि हे दर फेरीत, पुन्हा पुन्हा. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. त्यावर कडी म्हणजे आपल्याकडच्या खासगी गाडीच्या नेहमीच्या विम्यातून संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. गाडी ट्रॅकवर आपटली तर सोमवारी शाळेला जायला गाडीही नाही आणि भरपाईही नाही.

तेव्हा श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर. आधी घरची गाडी निवडा: चार दरवाजे, मुलाची सीट घट्ट बसेल अशी मागची सीट, पुरेशी डिकी. त्यातल्या त्यात हलकी घ्या, कारण वजन ब्रेक आणि टायर दोन्ही खातं. वरचे पैसे अश्वशक्तीवर घालण्याआधी ब्रेकचं तेल, पॅड आणि टायर यांवर घाला. विम्याचे कागद शब्दन्‌शब्द वाचा. ट्रॅकसाठी मागची सीट काढावीशी वाटू लागली, तर समजा की आता तुम्हाला दुसरी गाडी हवी आहे. ती परवडत नसेल तर फेऱ्या कमी करा, सीट राहू द्या.

कूपर यांनी मिनीची सीट काढली नाही, आधी ब्रेक बदलले. साठ वर्षांनंतरही आम्हाला याहून चांगला सल्ला सापडलेला नाही.