केसगळतीचे उत्तर तेलाच्या बाटलीत नव्हे, ताटात

पावसाळा आला की कंगव्यात अडकलेल्या केसांची चिंता घरोघरी सुरू होते. मग तेल बदलले जाते, शाम्पू बदलला जातो, कुणीतरी सुचवलेल्या गोळ्याही आणल्या जातात. वस्तुतः आज गळणाऱ्या केसाची वाढ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांपूर्वीच थांबलेली असते. म्हणूनच केसगळतीचे कारण शोधताना मागील काही महिन्यांतील आजारपण, ताण आणि आहार यांच्याकडे पाहावे लागते.

केस आणि त्वचा कशी घडते?

आपल्या डोक्यावर साधारणपणे १ लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या गतीने वाढतो. त्यानंतर तो दोन-तीन महिने विश्रांतीच्या अवस्थेत राहून गळतो आणि त्याच मुळातून नवा केस उगवतो. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे. मात्र तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन घटवण्यासाठी केलेली उपासमार यांमुळे असंख्य केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि काही महिन्यांनी एकदम गळू लागतात.

त्वचेचा वरचा थरही साधारण चार आठवड्यांत नवा होत असतो. या अखंड घडणीसाठी कच्चा माल लागतो आणि तो अन्नातूनच मिळतो. अन्न अपुरे पडले, की शरीर प्रथम हृदय, मेंदू आदी जीवनावश्यक अवयवांची गरज भागवते. केस आणि नखे यांचा क्रम शेवटचा असतो.

प्रथिने : पहिली गरज

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यातून सुमारे २० ग्रॅम, तर एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. बांगडा आणि तारले यांत त्वचेला उपयुक्त असे ओमेगा-३ मेदाम्लही असते. तथापि भाताच्या ढिगावर हुमणाचा नुसता रस घेतल्याने ही गरज भागत नाही; ताटात मासळीची तुकडीही हवी.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यानंतर अनेक घरांत श्रावण पाळला जातो. या दिवसांत ताटातील प्रथिने नकळत घटतात. अशा वेळी कुळीथ, अळसांदे, मूग, दूध, दही आणि चालत असल्यास अंडी यांनी ती पोकळी भरून काढावी. सुक्या कुळथात दर १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. सुकी मासळीही उपयोगी आहे, पण तिच्यातील मिठामुळे रक्तदाब असलेल्यांनी ती बेतानेच खावी.

लोह : दुर्लक्षित कमतरता

स्त्रियांमधील केसगळतीमागे अनेकदा लोहाची कमतरता असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३९ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. देशाच्या सुमारे ५७ टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा कमी असला, तरी तो समाधान मानावे असा नाही.

मांस, मासळी व तिसऱ्या यांतील लोह शरीर सहज शोषून घेते; कडधान्ये, पालेभाज्या आणि नाचणीतील लोह तुलनेने कमी शोषले जाते. त्यासाठी सोबत क जीवनसत्त्व हवे. तांबड्या भाजीवर किंवा उसळीवर पिळलेले लिंबू, जेवणानंतरचा पेरू किंवा आवळा एवढेही पुरेसे ठरते. शिजवल्याने हे जीवनसत्त्व कमी होते, म्हणून लिंबू ताटातच पिळावे. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेनच्या निर्मितीसाठीही क जीवनसत्त्व अनिवार्य आहे. जेवणासोबतचा चहा मात्र लोहाचे शोषण रोखतो. चहा आणि जेवण यांत किमान तासाभराचे अंतर राखावे.

त्वचेसाठी आणखी काही

शेवग्याचा पाला, तांबडी भाजी, पपई, लाल भोपळा यांतून शरीराला अ जीवनसत्त्व मिळते. त्याच्या अभावी त्वचा कोरडी व खरखरीत होते. तीळ, काजू, शेंगदाणे आणि कडधान्ये यांतील जस्त जखमा भरून येण्यास साहाय्य करते. गोड पेये, मैद्याचे पदार्थ आणि साखर यांचे प्रमाण कमी केल्यास काहींची मुरुमे आटोक्यात येतात. खोबरेल तेल केसाला बाहेरून संरक्षण देते, पण केसाच्या मुळाचे पोषण रक्तातूनच होते, हे ध्यानात घ्यावे.

गोळ्यांचा मोह

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. चौरस आहार घेणाऱ्या व्यक्तीत बायोटिनची कमतरता क्वचितच आढळते. शिवाय मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात. त्यामुळे तपासणीपूर्वी या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांच्या अतिरेकाने तर उलट केस गळतात. लोहाच्या गोळ्याही रक्ततपासणी करून, वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

टाळूवर चट्टे पडणे, केसगळती तीन-चार महिन्यांहून अधिक टिकणे, सोबत थकवा, धाप किंवा पाळीत अतिरक्तस्राव असणे ही लक्षणे दिसल्यास वेळ दवडू नये. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्यांतून बहुधा दिशा मिळते. शुद्ध शाकाहारी व्यक्तींनी बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. आनुवंशिक टक्कल मात्र आहाराने टळत नाही. त्यावर निराळे उपचार आहेत.

सकाळी नाचणीची आंबील किंवा उकड्या तांदळाची पेज आणि सोबत अंडे अथवा उसळ. दुपारी भात, मासळी किंवा कुळीथ, एक पालेभाजी व लिंबाची फोड. संध्याकाळी एखादे फळ आणि मूठभर शेंगदाणे. रात्री भाकरी, भाजी, डाळ व दही, असा साधा दिनक्रम बहुतेक घरांना परवडण्याजोगा आहे. त्याचा परिणाम आठवड्याभरात दिसणार नाही. ज्या संथ गतीने केस वाढतो त्याच गतीने तो सुधारतो, म्हणून किमान तीन महिने ताटात सातत्य राखावे.