मेंढीच्या मटणाची बदनामी

१९८९ साली जत तालुक्यातल्या एका वाडीवर मी बिरोबाच्या जत्रेला गेलो होतो. माझ्याबरोबर नोकरीला लागलेला मित्र धनगर समाजातला, त्याच्या घरी जेवण होते. त्याच्या आईने पितळीत रस्सा वाढला, बाजरीची भाकरी दिली आणि म्हणाली, "गरम हाय तवर खावा." मी ओवी गाणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत बसलो. अर्ध्या तासाने घास घेतला, तेव्हा जिभेवर मेणासारखा थर बसला आणि नाकात एक उग्र वास भरला. मी शेजारच्याला विचारले, "मेंढीचं आहे काय?" तो हो म्हणाला. मी पितळी बाजूला सारली आणि सांगायला नको होते ते सांगितले, "आमच्याकडं हे खात नाहीत. वास येतो."

मित्राच्या आईने ती पितळी उचलली आणि मला दूध-भाकरी आणून दिली. ती काहीच बोलली नाही. मित्रही बोलला नाही, पण पुढे जत्रेचे आमंत्रण आले नाही. मी निवृत्तीकडे झुकलो आणि जुनी पुस्तके चाळण्याचा नाद वाढला, तेव्हा मला तो प्रसंग छळू लागला. मेंढीला वास येतो हे मी कशावरून म्हणालो होतो? त्यापूर्वी मी मेंढीचे मटण कधीही खाल्ले नव्हते. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला. माझे शिक्षण ना रसायनशास्त्राचे ना इतिहासाचे, त्यामुळे वाट थोडी आडवळणाची आहे.

पहिले आडवळण शब्दाचे. 'मटण' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि इंग्रजीने तो फ्रेंच 'मुताँ'वरून घेतला. दोन्ही भाषांत त्याचा अर्थ मेंढी, म्हणजे मेंढीचे मांस. शब्द मराठीत आला आणि बोकडाला चिकटला. आज रविवारी दुकानासमोर उभे राहिलेले गिऱ्हाईक "बोकडाचंच आहे ना?" असे विचारते आणि खाटीक टांगलेल्या धडाचे शेपूट दाखवून खात्री पटवतो. ज्या प्राण्यावरून पदार्थाला नाव पडले, तोच प्राणी त्या पदार्थात भेसळ ठरला.

इंग्रजांच्या काळात ही शंका नेमकी उलटी होती. साहेबाला मेंढीच हवी असे आणि खानसामा मेंढी म्हणून शेळी तर गळ्यात मारत नाही ना, ही मडमेची काळजी असे. लहान छावण्यांत आणि जिल्ह्याच्या गावी चांगली मेंढी मिळत नसे आणि मिळाली तरी उन्हाळ्यात एका घराला अख्खी मेंढी संपत नसे. म्हणून चार घरे मिळून 'मटण क्लब' काढीत. सामाईक कळप पाळायचा, ठरल्या दिवशी एक जनावर कापायचे आणि मांड्या-खांद्यांचे वाटे पाळीपाळीने घ्यायचे. या मेंढ्यांना हरभरा चारून पुष्ट करीत. युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात 'हरभऱ्यावर पोसलेले' या अर्थाच्या शब्दप्रयोगाची वेगळी नोंद आहे. मूळ अर्थ अशा मांसाचा, आणि पुढे लाडावलेल्या माणसालाही तेच विशेषण लागू लागले. ज्या मांसाला आपण नाक मुरडतो ते याच देशात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, प्रतिष्ठेचे मांस होते.

यावर कोणी म्हणेल की साहेबाची जीभ वेगळी आणि आपली वेगळी. मग आपल्याकडे मागे जाऊन पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात अन्नपदार्थांचे गुण सांगितले आहेत. तिथे मांसाचे वर्ग प्राण्यांच्या राहण्या-चरण्यावरून पाडले आहेत. पण शेळी आणि मेंढी कुठेही चरतात, म्हणून त्यांना कोणत्याच एका वर्गात पक्के बसवलेले नाही. पुढे दोघींत फरक केला आहे तो असा: शेळीचे मांस फार थंड नाही, फार जड नाही, माणसाच्या धातूंशी मिळतेजुळते. मेंढीचे मांस मधुर, थंड, पचायला जड आणि शरीर भरणारे. म्हणजे आजाऱ्याला शेळी आणि धडधाकट माणसाला मेंढी, असा त्याचा व्यवहारी अर्थ निघतो. ज्याला 'मधुर' म्हटले आहे त्याला आपण 'उग्र' कधीपासून म्हणू लागलो?

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' सिद्ध केला. मराठी वाचकाला हा ग्रंथ ओवीच्या उल्लेखामुळे माहीत असतो. त्यातला अन्नभोगाचा भाग मात्र मुद्दाम वाचावा असा आहे. मांस धुणे, हिंगाचे पाणी, आंबट द्रव, आले, निखाऱ्यावर भाजणे या क्रिया त्यात आहेत. मांसाचा वास ही तेव्हाही स्वयंपाकघरातली ओळखीची गोष्ट होती आणि तिच्यावर इलाजही होता. तो इलाज करणे हे स्वयंपाक्याचे काम होते. वासासाठी जनावराला बोल लावायची गरज नव्हती.

आता त्या वासाविषयी. मांसाचा वास प्राण्यागणिक वेगळा का, याचा शोध १९६० च्या दशकात हॉर्नस्टीन आणि क्रो या अमेरिकन संशोधकांनी घेतला. निर्भेळ, चरबी काढलेले मांस शिजवले तर निरनिराळ्या प्राण्यांच्या वासात बरेच साम्य असते. वेगळेपणा येतो तो चरबीतून. १९७५ साली न्यूझीलंडमध्ये वोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या चरबीतली काही शाखायुक्त मेदाम्ले या वासाला मुख्यतः जबाबदार असल्याचे दाखवले. त्यांतले ४-मेथिलऑक्टॅनोइक आम्ल हे प्रमुख. जनावराचे वय वाढते तसा हा वास गडद होतो. हिरव्या कुरणातल्या प्रथिनांपासून कोठ्यात तयार होणारा स्कॅटोल नावाचा पदार्थही चरबीत उतरून त्यात भर घालतो.

इथवर वाचून मी स्वतःवर खूश झालो होतो, कारण माझे नाक खरे ठरले होते. पण याच कुटुंबातले दुसरे आम्ल, ४-एथिलऑक्टॅनोइक, मेंढीपेक्षा बोकडाची ओळख आहे. २०१४ साली जपानी संशोधकांनी न खच्ची केलेल्या बोकडाच्या डोक्यावरच्या केसांतून माजाशी संबंधित एक गंधद्रव्य वेगळे काढले. हवेत त्याचेच रूपांतर या आम्लात होते. ज्याने माजलेला बोकड जवळून पाहिला आहे त्याला ही गोष्ट शास्त्रज्ञाने सांगायला नको. म्हणजे वास दोघांनाही आहे आणि तो एकाच घराण्यातला आहे. बोकडाचा आपण सवयीने विसरतो आणि मेंढीचा आधीपासून वाट पाहत हुंगतो.

दुसरा मुद्दा थराचा. मेंढीची चरबी घट्ट असते. अंगाच्या उष्णतेला ती पूर्ण वितळत नाही. रस्सा वाफाळता असेल तर ती तर्रीत मिसळून जाते. गार झाला की टाळूला चिकटते आणि वास घेऊन तिथेच बसते. हे वाचले त्या रात्री मला पितळी उचलणारी ती बाई आठवली. जे मला समजायला इतकी वर्षे लागली ते तिने घास घेण्याआधीच एका वाक्यात सांगितले होते.

मग बदनामी झाली कशी? याचे उत्तर मला अर्थकारणात सापडते. दख्खनी मेंढी मांसासाठी पाळलीच जात नव्हती. तिची काळी राठ लोकर घोंगड्यांना जाई. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे निघत आणि वाटेवरचे शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढ्या बसवून घेत, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देत. जी मेंढी दर वर्षी लोकर, खत आणि कोकरू देते ती कोण विकेल? खाटकाकडे जायची ती म्हातारी, थकलेली. बोकड मात्र कोवळा कापला जाई. मला वाटते, आपण तुलना केली ती कोवळ्या बोकडाची आणि म्हाताऱ्या मेंढीची, आणि निकाल दिला तो साऱ्या जातीचा. 'शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड' ही म्हण शेळीवर बेतलेली असली तरी भोगली ती मेंढीने.

इंग्लंडमध्येही चित्र फारसे वेगळे नाही. तिथेही मटण हे लोकरीच्या धंद्याचे जोडउत्पन्न होते. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी 'डनेडिन' हे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून गोठवलेल्या मांसाची सुमारे ५,००० धडे घेऊन निघाले आणि मे महिन्यात लंडनला पोचले. तिथून स्वस्त आयात मांसाचा काळ सुरू झाला. पुढे कृत्रिम धाग्यांनी लोकरीचा भाव पाडला, मेंढी म्हातारी होईपर्यंत पोसणे परवडेना आणि कोकरू तेवढे बाजारात उरले. म्हाताऱ्या मेंढीचे मंद आचेवरचे मटण बेचव आणि गरिबीचे मानले गेले. २००४ साली राजपुत्र चार्ल्स यांनी त्याच्या पुनरुज्जीवनाची मोहीम काढली. दोन वर्षांवरची मेंढी, व्यवस्थित चारलेली, काही दिवस टांगून मुरवलेली आणि सावकाश शिजवलेली, एवढेच त्यांचे सांगणे होते. लोकांचे मत बदलायला नवी मेंढी शोधावी लागली नाही.

आपल्याला तर लंडनलाही जायला नको. जतहून विजापूरमार्गे पूर्वेला तेलंगणात शिरले की मटणाचा अर्थ पुन्हा मेंढी होतो. तिथे लग्नकार्यात पोटेलु, म्हणजे मेंढा, मानाचा. २०१९ च्या पशुगणनेत तेलंगणात सुमारे १ कोटी ९० लाख मेंढ्या आहेत, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्रात शेळ्या १ कोटीहून अधिक आणि मेंढ्या सुमारे २७ लाख. २०१७ पासून त्या राज्याने गोल्ला-कुरुमा कुटुंबांना २० मेंढ्या आणि एक मेंढा देण्याची योजना राबवली. दक्षिणेला मंड्याजवळच्या बन्नूर मेंढीचे मांस तर चवीसाठीच नावाजलेले आहे. पठार हेच, कुसळी गवतही हेच. मध्ये फक्त भाषेची सीमा आहे, आणि नाक काही भाषेप्रमाणे बदलत नाही.

बदलते ती नजर. खंडोबाच्या लोकगीतांत म्हाळसा आणि बाणाईची भांडणे आहेत. म्हाळसा वाण्याची, सोवळ्यातली, सुगरण. बाणाई धनगराची, मेंढरांमागे हिंडणारी, मांस खाणारी. त्या गीतांत म्हाळसा सवतीच्या राहणी-खाण्याला नावे ठेवते. देव मात्र दोघींचाही आहे. मेंढीच्या मटणाला 'वास येतो' असे म्हणताना मी १९८९ साली मेंढीबद्दल बोलत होतो, असे मला आता प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. तो शेरा मेंढरांबरोबर राहणाऱ्या माणसांवरही होता आणि तो ज्यांना कळायचा त्यांना कळला होता.

दोन वर्षांपूर्वी मी घरी एक प्रयोग केला. माडग्याळी मेंढ्याचे कोवळे मांस आणि बोकडाचे मांस एकाच दिवशी आणले. दोन्हींची जास्तीची चरबी आणि वरचा पापुद्रा काढला. हळद, मीठ, आले-लसूण आणि दही लावून दोन तास ठेवले. हिंगाच्या फोडणीवर आधी आपल्याच पाण्यात शिजू दिले, मग उकळते पाणी घातले. भाजलेले सुके खोबरे, कांदा, तीळ, खसखस असे वाटण दोन्हींत सारखेच. कोणते कशाचे ते न सांगता वाढले. जन्मभर मेंढी नको म्हणणारे माझे मेहुणे एका वाटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बोकडाचं, लगेच कळतं." ती वाटी मेंढ्याची होती. सांगितल्यावर ते जरा गप्प बसले आणि मग त्यांनी तीच वाटी पुढे केली.

त्यानंतर मी मित्राला फोन केला. आम्ही दोघेही पंचावन्नच्या पुढचे. त्याची आई जाऊन बारा वर्षे झाली होती. जत्रेला येतो म्हणालो. तो एवढेच म्हणाला, "ये." वाडीवर आता पत्र्याऐवजी स्लॅबचे घर आहे आणि कळप पोराने निम्म्यावर आणला आहे. घोंगडी विणणारे हात आसपास उरलेले नाहीत. वाढणे सुरू झाले तशी मी चरबीची, आम्लांची आणि बोकडाची सगळी हकीकत त्याला सांगू लागलो. म्हटले, त्या दिवशी माझे चुकले, तुझ्या आईची माफी मागायची राहिली.

त्याने माझ्या ताटाकडे पाहिले. म्हणाला, "लेका, परत बोलत बसलास. आधी खा, गार होतंय."

मी खाल्ले. वास होता, थोडासा, लसणाच्या आणि खोबऱ्याच्या मागे. पावसानंतरच्या रानासारखा. मी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.