'राजा' या शब्दाचा धम्मार्थ

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, की भीमा कोरेगाव आणि शिक्रापूर मागे पडून रांजणगाव लागते. रांजण म्हणजे पाणी साठविण्याचे मोठे मातीचे भांडे, हे प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. तथापि हे नाव ऐकताच पालीच्या अभ्यासकास 'रञ्ज्' हा धातू आठवतो. त्याचा अर्थ रंगविणे, संतुष्ट करणे. केवळ ध्वनिसाम्यावरून गावाच्या नावाची व्युत्पत्ती ठरविणे योग्य होणार नाही. मात्र याच धातूवरून भगवान बुद्धांनी 'राजा' या शब्दाचा अर्थ सांगितला आहे, त्याचा येथे विचार करू.

दीघनिकायातील 27 वे सुत्त म्हणजे अग्गञ्ञसुत्त. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मणकुळात जन्मलेल्या दोघांना ते उपदेशिलेले आहे. शेतांच्या सीमा पडल्या, चोरी आली, असत्य आले, दंड आला. तेव्हा लोक एकत्र जमले आणि आपल्यातीलच एका योग्य माणसास त्यांनी निवडले. अपराध्यास शासन करणे हे त्याचे काम ठरले व त्याबद्दल भाताचा वाटा हे त्याचे वेतन. महाजनांनी संमत केला म्हणून तो 'महासंमत', शेतांचा अधिपती म्हणून 'खत्तिय' आणि धम्माने इतरांना संतुष्ट करतो म्हणून 'राजा'. तो इतरांसारखाच माणूस होता, हेही सुत्त स्पष्ट करते.

भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करीत नाही. 'राजन्' हा शब्द लॅटिनमधील 'रेक्स' या राजवाचक शब्दाचा सगोत्र आहे आणि त्याच्या मुळाशी सरळ करणे, मार्गदर्शन करणे हा अर्थ आहे, असे विद्वान मानतात. हे आम्हांस मान्य आहे. परंतु सुत्ताचा प्रश्न निराळा आहे: राजाचा अधिकार येतो कोठून?

महाभारताच्या शांतिपर्वातही पृथुराजाच्या कथेत प्रजेच्या रंजनावरूनच 'राजा' शब्द सांगितला आहे. पण तेथे विष्णू राजाच्या देहात प्रवेश करतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात तर राजा देवांच्या अंशांपासून घडलेला असून मनुष्यरूपातील देवताच ठरतो. शब्द एकच, एकीकडे अधिकार लोकांच्या संमतीतून आला, दुसरीकडे दैवी अंशातून. जो देव आहे त्यास जाब कोण विचारणार? ज्यास वेतन देऊन नेमले, त्यास मात्र विचारता येते.

आपल्या मराठीतही हा शब्द मुरलेला आहे. पुणे जिल्ह्याच्या सीमेवरील नाणेघाटात सिमुक सातवाहनाच्या नावामागे प्राकृत 'राया' कोरलेले आहे. 'राय', 'राव' ही त्याचीच वंशावळ. 'राजकुल' या शब्दापासून 'राऊळ' झाले. प्रथम राजवाडा, पुढे देऊळ. राजाचे घर देवाचे घर कसे झाले, हे या एका शब्दात दिसते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध भिक्खुसंघाच्या सभानियमांचे स्मरण करून दिले होते. लोकशाही या भूमीस नवीन नाही, हे त्यांना सांगावयाचे होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविषयी सावधही केले होते. संस्थानिकांचे राजेपण गेले. पण निवडलेल्या माणसास देव मानण्याची सवय गेली काय, हे आपण उपासक-उपासिकांनी स्वतःस विचारले पाहिजे. महासंमताची कथा आपणांस हेच विचारावयास शिकविते.